आप्पांची डायरी आणि दोन वर्गांची वजाबाकी

परवा रात्री जेवणं आटोपून जरा आडवा होतोय, तोच भाचीचा फोन.

"मामा, अवयव पाडायचेत. चार एक्स स्क्वेअर वजा नऊ जमलं. पंचवीस एक्स स्क्वेअर वजा छत्तीस वाय स्क्वेअरसुद्धा जमलं. पण पुढचं नुसतं एक्स स्क्वेअर वजा एक आहे. सूत्राला दोन वर्ग लागतात ना? मग यात दुसरा वर्ग आहेच कुठे?"

मला हसू आलं आणि लगेच गिळावंही लागलं. कारण आठवीत मला अगदी हेच अडलं होतं, फक्त वर्गात हात वर करून विचारायची हिंमत नव्हती.

"अगं, एक हा कुणाचा वर्ग?"

पलीकडे शांतता. मग एकदम, "अय्या! एकाचाच की!" आणि फोन ठेवलाही. थँक्यू वगैरे काही नाही. (ताई, वाचत असशील तर रागावू नकोस तिच्यावर. मला आवडलं ते.)

फोन बंद झाला, पण माझी झोप उडाली. कारण दिवाळीच्या आवराआवरीत आप्पांची एक जुनी खिशातली डायरी सापडली होती आणि तिच्यातला एक आकडा महिनाभर माझ्या डोक्यात घोळत होता. त्या आकड्याचं उत्तर त्या रात्री भाचीच्या गणितातून मिळालं. ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. बरंच मागून, म्हणजे पार बाबिलोनपासून. वाचणार्‍यांनी चहा घेऊन बसावं.

आधी आमचं गाव. नातेवाईकांना हे पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आमचं लहानपण उल्हासनगर कॅम्प चारमधलं. दुसर्‍या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना त्या छावण्यांच्या बराकींमध्ये जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाव बदललं तरी कॅम्पांचे आकडे काही सुटले नाहीत. आजही कुणी पत्ता विचारला की आधी "कितवा कॅम्प?" आणि मगच पुढचं. कॅम्प चारमध्ये सिंधी शेजाराला आमच्यासारखी पुष्कळ मराठी कुटुंबं होती, बहुतेक अंबरनाथ-कल्याणच्या कारखान्यांच्या आधारानं आलेली. आप्पा त्यातलेच. रोज सायकलवरून अंबरनाथला जायचे. एका छोट्या वर्कशॉपमध्ये पाईपचं काम. शिक्षण सातवीपर्यंत.

शाळेत आम्ही सूत्रं पाढ्यांसारखी म्हणायचो. "अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर, कंसात अ अधिक ब, कंसात अ वजा ब." चाल इतकी पक्की होती की अजूनही लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलकी लागली तर ओठ पुटपुटतील. पण हे सूत्र कशासाठी आहे, ते गणितात ओळखायचं कसं, हे मला कधी कळलंच नव्हतं. समोर अ आणि ब अशी नावं लावून आले तरच मी त्यांना ओळखत असे. नऊ, पंचवीस, छत्तीस हे साध्या वेषात आले की माझ्या अगदी समोरून निघून जायचे.

दहावीतला प्रसंग. गणित असं होतं: २१ मीटर त्रिज्येची गोल बाग, तिच्याभोवती ७ मीटर रुंदीचा रस्ता, रस्त्याचं क्षेत्रफळ काढा. मी मोठ्या वर्तुळाची त्रिज्या २८ घेतली. २८ चा वर्ग ७८४, २१ चा वर्ग ४४१. वजाबाकी केली ३३३. (घाईत हातचा चुकला. हवे होते ३४३.) मग त्याला बावीस सप्तमांशांनी गुणत बसलो. सातानं भाग जाईना. खोडरबरानं पान फाटायची वेळ आली.

आप्पा नुकतेच कामावरून आले होते. माझ्यामागे उभं राहून त्यांनी वहीत डोकावलं आणि म्हणाले, "एक हजार अठ्ठ्याहत्तर."

"कसं काय?"

"मधला घेर काढायचा आणि रुंदीनं गुणायचं. आतला व्यास बेचाळीस, बाहेरचा छप्पन. मधला एकोणपन्नास. त्याचा घेर एकशे चोपन्न. सात्ती."

मी मागे पाहिलं. उत्तर बरोबर होतं, पाठीमागच्या पानावर तेच दिलेलं होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "आप्पा, असं नसतं. सूत्र लिहावं लागतं, त्याचे मार्क असतात. तुमचं पाईपचं गणित वेगळं."

आप्पा काही बोलले नाहीत. हातपाय धुवायला गेले. त्यानंतर माझ्या वहीत त्यांनी कधी डोकावलं नाही. मीही बोलावलं नाही. आमच्यात भांडण वगैरे काही नव्हतं, सगळं नेहमीसारखंच होतं. फक्त ते एक बंद झालं.

आता डायरी. हार्डवेअरच्या दुकानदारानं नववर्षाला फुकट दिलेली, लाल रेक्झिनची. आत दुधाचा हिशेब, रेशनच्या तारखा, माझ्या आणि ताईच्या फीच्या नोंदी. मधूनच आकड्यांच्या ओळी: ५० – ४५ – ५ – ५.५५. तसल्याच आणखी वीसेक. आणि शेवटच्या पानावर एकटाच आकडा, खाली दोन रेघा मारलेला: ०.०२४६६.

आधी मनात आलं की मटक्याचा आकडा असेल. (कल्याणच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार!) पण आप्पा आणि मटका? शक्यच नाही. आणि मटक्यात अपूर्णांक कुठून येणार? विचार सोडून दिला आणि डायरी टेबलावर ठेवली.

आता वळतो दोन वर्गांच्या वजाबाकीकडे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात मातीची एक छोटी पाटी आहे, क्रमांक वायबीसी ६९६७. साडेतीन हजार वर्षांहून जुनी, बाबिलोनी. तिच्यावरचं गणित असं: दोन संख्यांचा गुणाकार ६० आणि त्यांच्यातला फरक ७. संख्या कोणत्या? लिहिणारा म्हणतो, फरकाचं निम्मं कर, साडेतीन. त्याचा वर्ग सव्वाबारा. त्यात साठ मिळव, सव्वाबहात्तर. त्याचं वर्गमूळ साडेआठ. आता साडेआठात साडेतीन एकदा मिळव, एकदा वजा कर. बारा आणि पाच. संपलं गणित.

यात घडलं काय? साठ हा आकडा वर्ग नाही, त्याच्यात वर्गाची काही खूणही नाही. तरी त्या अनामिक शिकवणार्‍यानं ओळखलं की साठ म्हणजे साडेआठाच्या वर्गातून साडेतीनाचा वर्ग गेला की उरतं ते. कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार हा दोन वर्गांची वजाबाकी असतो. त्यांच्या बेरजेच्या निम्म्याचा वर्ग, वजा फरकाच्या निम्म्याचा वर्ग. आमच्या शाळेत सूत्र डावीकडून उजवीकडे वाचायचे, इथं ते उलटं वाचलंय.

आपल्याकडे हीच गोष्ट शुल्बसूत्रांत आहे. यज्ञाच्या वेदी दोरीनं आखायचे नियम म्हणजे शुल्बसूत्रं. त्यातलं बौधायनाचं सर्वांत जुनं मानतात, इसवी सनापूर्वी आठव्या ते पाचव्या शतकाच्या सुमाराचं. आयत दिला आहे, तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस करायचा. बौधायन सांगतो, आयताच्या रुंदीएवढा चौरस बाजूला ठेव. उरलेल्या भागाचे दोन समान उभे तुकडे कर. त्यातला एक उचलून चौरसाच्या दुसर्‍या बाजूला लाव. आता कोपर्‍यात एक छोटा चौरस कमी पडतो. तो भरून घे. मोठा चौरस तयार झाला, त्यातून भरलेला छोटा चौरस वजा कर. एका चौरसातून दुसरा वजा करून उरलेल्याचा पुन्हा चौरस कसा करायचा, याची दोरीची युक्ती त्यानं आधीच देऊन ठेवली आहे. म्हणजे एखादा आयत पाहिला की त्याला त्यात दोन चौरस दिसत होते. एक असलेला आणि एक नसलेला!

हे उलट दिशेनं घरी करून बघण्यासारखं आहे. चौकोनी कागद घ्या. एका कोपर्‍यातून छोटा चौरस कापून काढा. उरतो काटकोनी गुण्यासारखा आकार. त्याच्या दोन पट्ट्या होतील अशी सरळ कात्री चालवा. दोन्ही पट्ट्यांची रुंदी सारखीच, दोन चौरसांच्या बाजूंमधला फरक. एकीची लांबी मोठ्या चौरसाची बाजू, दुसरीची छोट्याची. दोन्ही एकापुढे एक ठेवा. लांबी बेरीज, रुंदी वजाबाकी. सूत्र टेबलावर पडलेलं दिसेल. मी परवा रात्री साडेदहाला वीजबिलाच्या पाठकोर्‍या कागदावर हे केलं. बायको दारात येऊन बघून गेली, बोलली काही नाही.

पण या सूत्राशी खरा खेळ खेळला तो भास्कराचार्यांनी. सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. लीलावती हा त्याचाच पाटीगणिताचा भाग.

लीलावतीत वर्ग करायच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यात एक अशी: संख्येतून सोयीची एखादी संख्या वजा कर, तीच संख्या मिळव, दोन्हींचा गुणाकार कर, आणि त्या सोयीच्या संख्येचा वर्ग त्यात घाल. २९७ चा वर्ग हवाय? तीन वजा, तीन अधिक: २९४ गुणिले ३००, म्हणजे ८८२००. त्यात ९ मिळवले, ८८२०९. गंमत पुढेच आहे. उदाहरणात २९७ हा आकडा देताना आचार्यांनी तो तीनशेला तीन कमी असाच सांगितला आहे. प्रश्नातच उत्तराची खूण ठेवलेली! ओळखणारा ओळखेल.

(आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान असलेले सिंधी शेठ असंच करायचे. बावन्न रुपये मीटरनं अठ्ठेचाळीस मीटर. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. "पचास पचास पच्चीस सौ, चार निकालो," म्हणजे २४९६. आम्हाला वाटायचं त्यांना पाढे पन्नासपर्यंत येतात म्हणून जमतं.)

पुढे लीलावतीत सरळ वर्गांतराचाच नियम आहे. वर्गांच्या वजाबाकीला संख्यांच्या वजाबाकीनं भागलं की बेरीज मिळते. उदाहरण: दोन संख्यांतला फरक ८, त्यांच्या वर्गांतला फरक ४००. चारशेला आठांनी भागा, पन्नास ही बेरीज. मग पन्नास अधिक आठ, त्याचं निम्मं २९. पन्नास वजा आठ, त्याचं निम्मं २१. दोन ओळींत उत्तर.

आणि मग येतो मोर. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे सत्तावीस हातांवरून, साप बिळाकडे येताना दिसतो. मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

कर्णाचा वर्ग, बाजूचा वर्ग असं मांडत बसलं तर पान भरेल. इथं दिसायला हवं ते इतकंच: साप जेवढा चालला तेवढाच मोर उडाला, म्हणून मोराची झेप आणि बिळापासूनचं अंतर यांची बेरीज सत्तावीस. आणि त्या दोघांच्या वर्गांतला फरक म्हणजे खांबाचा वर्ग, एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशीला सत्तावीसनं भागलं, तीन ही वजाबाकी. बेरीज २७, वजाबाकी ३. झेप पंधरा हात, गाठ बारा हातांवर.

मला हे उदाहरण शाळेत भेटलं असतं तर! एक्क्याऐंशी हा नवाचा वर्ग हे कुणालाही दिसतं. पण तोच एक्क्याऐंशी पंधराच्या आणि बाराच्या वर्गांतला फरकही आहे, हे ओळखलं की मोर सापापर्यंत पोचलाच. वार्‍यानं मोडलेला वेळू येतो, पाण्यात वाकलेलं कमळ येतं. चित्रं वेगळी, पण ओळखायचं तेच.

भास्कराचार्यांचं गाव नक्की कोणतं यावर विद्वानांचे वाद आहेत. पण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून ठिकाण आहे, तिथल्या देवळात १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची ती नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. ग्रंथ पुरा होऊन पन्नास-साठ वर्षं झाली होती, आणि नातवानं आजोबांचं गणित शिकवायची सोय केली. हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. आमच्याकडे आप्पांचं गणित त्यांच्या मुलानंच मोडीत काढलं होतं.

कोकणातही ही परंपरा होती. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. भास्कराचार्य रीत सांगतात, गणेश दैवज्ञ ती रीत का चालते ते सांगतात. आपल्याकडे नुसती सूत्रंच पाठ करत, कारणं कुणी देत नसे, असं म्हणणार्‍यांनी ही टीका जरूर पाहावी.

बरं, हे सगळं जुनं झालं. जरा जवळ येऊ. विठ्ठलवाडीहून मुंबईकडे निघालं की कल्याण, ठाकुर्ली आणि तिसरं स्टेशन डोंबिवली. या डोंबिवलीच्या नावानं गणितात संख्यांचा एक प्रकार आहे हे किती डोंबिवलीकरांना ठाऊक असेल? डेम्लो संख्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना त्या सुचल्या डोंबिवली स्टेशनवर, म्हणून त्यांनी हे नाव दिलं. १२१, १२३२१ या त्यातल्याच, म्हणजे ११ चा वर्ग आणि १११ चा वर्ग. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांच्याजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांच्या कामाकडे इथल्या गणितज्ञांनी सुरुवातीला फारसं गांभीर्यानं पाहिलं नाही. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि ६१७४ हा कापरेकर स्थिरांक जगभर पोचला.

डेम्लोवरून मला एक खेळ सुचला. (हा कापरेकरांचा नव्हे, माझा, लोकलमधला. कुणी आधी केला असेलच.) ६ चा वर्ग वजा ५ चा वर्ग, ११. ५६ चा वर्ग वजा ४५ चा वर्ग, ११११. ५५६ चा वर्ग वजा ४४५ चा वर्ग, १११११११ नव्हे बरं का, १११११, असंही नव्हे… थांबा, नीट मोजतो. १११,१११. सहा एक. जादू वाटते ना? पण बेरीज-वजाबाकी करून बघा: ५६ अधिक ४५ म्हणजे १०१, ५६ वजा ४५ म्हणजे ११. पुढच्यात १००१ आणि १११. जादू गेली, पण गंमत गेली नाही. उलट वाढली.

सातासमुद्रापलीकडे फ्रान्समध्ये तुलूझच्या न्यायालयात काम करणार्‍या फर्मानं १६४३ च्या सुमारास हीच युक्ती मोठ्या संख्येचे अवयव शोधायला वापरली. संख्या होती २०२७६५१२८१. नुसते भाग देत बसला असता तर किती दिवस गेले असते. त्यानं ठरवलं, हिच्यात कोणता वर्ग मिळवला की पूर्ण वर्ग होतो ते पाहू. वर्गमुळाच्या लगेच वरच्या संख्येपासून सुरुवात केली आणि बाराव्या प्रयत्नाला सापडलं: ४५०४१ चा वर्ग वजा १०२० चा वर्ग. म्हणजे अवयव ४६०६१ आणि ४४०२१. आज आपले इंटरनेटवरचे व्यवहार ज्या कुलपांनी बंद होतात, त्यातलं एक नावाजलेलं कुलूप म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. त्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ निवडल्या तर फर्माची ही पावणेचारशे वर्षं जुनी किल्ली त्याला लागते. २०२२ मध्ये काही प्रिंटरांमधली अशी कुलपं खरोखरच उघडून दाखवली गेली.

असो. विषयांतर खूप झालं. आप्पांच्या डायरीकडे येतो.

लीलावतीच्याही तीनशे वर्षं आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात नेमिक्षेत्राचा विचार आहे. नेमि म्हणजे चाकाची कड, बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात ती जागा. नियम असा: आतल्या आणि बाहेरच्या कडांच्या बेरजेचं निम्मं करून रुंदीनं गुण.

हे मी परवा रात्री, भाचीचा फोन झाल्यावर, पुस्तकात पुन्हा वाचलं आणि कानात आवाज आला, "मधला घेर काढायचा आणि रुंदीनं गुणायचं."

मग डायरी उघडली. ५० – ४५ – ५ – ५.५५.

पन्नास हा पाईपचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पाच ही पत्र्याची जाडी. पन्नासातून पाच गेले, पंचेचाळीस, हा मधला व्यास. पंचेचाळीस गुणिले पाच, सव्वादोनशे. आणि सव्वादोनशे गुणिले ०.०२४६६? कॅल्क्युलेटर काढला. ५.५४८५. म्हणजे ५.५५ किलो. एक मीटर लांब पोलादी पाईपचं वजन!

०.०२४६६ म्हणजे पाय गुणिले पोलादाची घनता ७.८५, भागिले हजार. एककं जुळवून आधीच गुणून ठेवलेलं. पाईप विकणारे, वापरणारे सगळे हा आकडा वापरतात, हे मला दुसर्‍या दिवशी अंबरनाथच्या एका फॅब्रिकेटरनं सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

शाळेच्या रीतीनं हेच केलं असतं तर बाहेरची त्रिज्या २५, वर्ग ६२५. आतली २०, वर्ग ४००. वजाबाकी २२५. आप्पांनी वर्ग केलेच नाहीत. पंचेचाळीस ही त्रिज्यांची बेरीज, पाच हा त्रिज्यांतला फरक, दोन्हींचा गुणाकार २२५. कंसात अ अधिक ब, कंसात अ वजा ब. आप्पा रोज, दिवसातून दहादा, दोन वर्गांचे अवयव पाडत होते. त्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मला नाव पाठ होतं आणि ती गोष्ट समोर उभी असताना मी ओळखली नाही.

मला आता वाटतं, गणितात पाठ करण्याजोगं थोडंच असतं, बाकीचं सगळं ओळखणं असतं. मातीच्या पाटीवरच्या माणसानं साठ ओळखले, बौधायनानं आयत ओळखला, भास्कराचार्यांनी मोराची झेप ओळखली. आप्पांनी पाईप ओळखला होता. माझ्या पिढीला वाटायचं की सूत्र आधी आणि वस्तू नंतर. इतिहास पाहिला तर दोरी, वेदी, चाकाची धाव हे सगळं आधी आहे आणि अ, ब मागून आले आहेत.

आप्पांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. "तुमचं पाईपचं गणित वेगळं," हे माझं वाक्य त्यांना आठवत होतं की नाही, कळायला मार्ग नाही. कदाचित हातपाय धुऊन होईतो विसरलेही असतील. मला मात्र चांगलं आठवतं.

काल रविवार होता. भाचीला बदलापूरला बोलावलं. गॅलरीतल्या उरलेल्या पाईपचा तुकडा, मोजपट्टी आणि वजनकाटा तिच्यापुढे ठेवला, आणि आजोबांची डायरी. म्हटलं, वजन न करता वजन सांग. तिनं व्यास मोजला, जाडी मोजली, डायरीत पाहून वजाबाकी, गुणाकार केला. मग काट्यावर ठेवून बघितलं. दहा-बारा ग्रॅमचा फरक आला, तो आमच्या मोजपट्टीचा. ती म्हणाली, "पण मामा, आजोबांनी सूत्र लिहिलेलंच नाहीये."

मग आम्ही दोघांनी मिळून शेवटच्या पानावर, त्या दोन रेघांच्या खाली, पेन्सिलीनं लिहिलं. अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर, कंसात अ अधिक ब, कंसात अ वजा ब. अक्षर तिचं. शेजारी मी दहापैकी दहा मार्क दिले.